तारेची झाडं आणि कार्यानुभवाचा तास

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा बाकीच्यांनी गॅदरिंग, सहल वगैरे विषय लगेच घेऊन टाकले, पण मला कार्यानुभवाच्या तासाबद्दलच लिहायचं होतं, कारण आज मी मण्यांची आणि तांब्याच्या तारेची जी झाडं करते ती तिथेच शिकले.

बाई मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून उरलेली तार आणायच्या. तिच्यावर पातळ कोटिंग असतं म्हणून ती उघड्या तांब्यासारखी काळी पडत नाही. मणी ओवायचा, तार मधोमध दुमडायची, मण्याखाली पीळ द्यायचा, झालं पान. दोन-तीन पानं पिळली की डहाळी, डहाळ्यांची फांदी, सगळ्या फांद्यांचा मिळून बुंधा. म्हणजे चित्रात आपण आधी खोड काढतो, इथे सगळं उलटं, शेंड्यापासून सुरुवात! जास्त पीळ दिला की तांबं कडक होऊन तटकन तुटतं, त्यामुळे बाई पाठीमागे येऊन म्हणायच्या, "अगं पुरे, आता नाही सोसणार तिला."

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? प्रत्येक पानाची तार थेट बुंध्यापर्यंत जाते, त्यामुळे फांद्या कुठेही फुटू देत, वरच्या सगळ्या तारा एकत्र धरल्या की बरोबर खालच्या बुंध्याएवढ्या भरतात. लिओनार्दो दा विंचीने खऱ्या झाडांबद्दल साधारण हेच 500 वर्षांपूर्वी आपल्या वहीत लिहून ठेवलंय, आणि खरी झाडं अगदी काटेकोर नाही तरी बरीचशी तशीच वागतात. बाईंनी हे नाव कधी घेतलं नाही, त्या आम्हाला सरळ ग्राउंडवरच्या कडुलिंबाखाली नेऊन वर बघायला लावायच्या.

काचेचे मणी कमी पडले की सुबाभळीच्या बिया. गरम पाण्यात भिजवल्या की सुई आरपार जाते, आणि वाळल्यावर तपकिरी चमक काय सुंदर येते! गुंजा मात्र कितीही मागितल्या तरी बाई देत नसत, विषारी असतात म्हणून. वड करायचा तर फांद्यांतून काही तारा पारंब्यांसारख्या खाली सोडायच्या, बुंध्याच्या तारा काळ्या दगडावर मुळांसारख्या पसरायच्या आणि एम-सीलने पक्क्या करायच्या. मी अजून तसंच करते, दगडसुद्धा तसाच खडबडीत शोधते.

आत्ताच्या मुलांना शिकवायला मला खरंच आवडेल. शनिवारी सकाळी कधीही बोलवा, तार आणि मणी मी आणते, मुलांनी फक्त घरून पक्कड आणायची.