राळ न लावलेला बो

मी शाळेत ऑर्केस्ट्रा शिकवते, तिथे शेवटच्या स्टँडवर, म्हणजे स्वरलिपी ठेवायच्या घोडीपाशी, एक मुलगा बसायचा, सेकंड व्हायोलिनच्या गटात, आणि त्याच्याबद्दल माझी कधी काही तक्रारच नव्हती. बो, म्हणजे तारांवर ओढायची काठी, सगळ्यांबरोबर खाली, सगळ्यांबरोबर वर, पान वेळेवर उलटणार, कधी बेसूर नाही, कधी किंचाळी नाही. शहाणं पोर म्हणून मी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलेलं. मग एकदा सूर लावून द्यायला त्याचं व्हायोलिन हातात घेतलं आणि बघते तर तारांखाली, ब्रिज (तारा उचलून धरणारी उभी लाकडी पट्टी) आणि फिंगरबोर्ड (जिच्यावर बोटं दाबतात ती पट्टी) यांच्या मधे, जिथे बाकी पोरांच्या व्हायोलिनवर राळेची पांढरी भुकटी साचलेली असते, तिथे एकदम चकाचक. मला वाटलं वा, रोज पुसतो वाटतं. त्याचाच बो घेऊन ए तारेवर ओढला तर आवाजच येईना, नुसतं फुस्स. बोच्या केसांना राळ लावलेलीच नव्हती! राळेची वडी डबीत तशीच, नव्या साबणासारखी गुळगुळीत.

विचारलं, अरे हे काय? तर म्हणाला, "मिस, असं केलं की चुकलं तरी कुणाला कळत नाही."

आता यावर ओरडायचं की डोकं चांगलं चालवलंस म्हणून पाठ थोपटायची हे मला खरंच कळेना.

ज्यांनी कधी व्हायोलिन धरलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बोचे केस घोड्याचे असतात आणि ते कोरे असले तर तारेवरून नुसते घसरतात. राळ लागली की केस तारेला चिकटतात, तिला थोडं ओढत नेतात, ताण वाढला की तार निसटते, मागे जाते, परत चिकटते. ए तार ४४० हर्ट्झला लावलेली असेल तर हे चिकटणं-निसटणं सेकंदाला ४४० वेळा चालू असतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सूक्ष्मदर्शकातून बघितलं होतं. आपल्याला वाजणारी तार नुसती मधे फुगल्यासारखी दिसते, पण खरं तर तिला एक कोपरा पडलेला असतो आणि तो कोपरा तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतो. पोरांना हे सांगितलं की दोन मिनिटं सगळी तारेला नाक लावून बसतात, दिसत काहीच नाही, पण बसतात.

तर त्या मुलाने मला एक गोष्ट दाखवून दिली जी मला तोवर दिसत नव्हती. राळ न लावणारा तो एकटाच होता, पण लपत सगळेच होते. नीट बघायला लागले तर अर्ध्या ऑर्केस्ट्राचा बो मधल्या जेमतेम दहा सेंटीमीटरमधे हलत होता, वर फिंगरबोर्डकडे सरकलेला, कारण तिथे आवाज मऊ येतो, पुसट येतो, चूक ऐकू जात नाही. वीस-पंचवीस जण वाजवतायत आणि आवाज चौघांचा. आणि मी इतकी वर्षं काय करत होते तर डावा हात! दुसरं बोट खाली आलंय, तिसरं वर घे, मनगट आत पडलंय, बोटांच्या जागी पट्ट्या चिकटव, सगळं लक्ष सुरांवर. सूर बरोबर येत होते हो, पण आवाज कुठाय? आवाज उजव्या हातात असतो आणि उजव्या हाताला मी "बो सरळ ठेव" याच्यापलीकडे काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून रिहर्सलची पहिली दहा मिनिटं डावा हात बंद. फक्त उघडी डी तार, तिच्यावर बोट न ठेवता. डी का, तर व्हायोलिन, व्हियोला, चेलो, डबल बास या चारही वाद्यांवर जी, डी आणि ए या तारा असतातच, बासच्या तारा चौथ्या सुराच्या अंतराने लावतात आणि बाकी तिघांच्या पाचव्या, तरी या तीन सगळीकडे निघतात. शाळेतल्या ऑर्केस्ट्राच्या सुरुवातीच्या इतक्या धुना डी मेजरमधे, म्हणजे डीला सा धरून, का असतात त्याचं एक मोठं कारण हेच. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावायचा आणि फ्रॉगपासून, म्हणजे बो जिथे हातात धरतात त्या ठोकळ्यापासून, टोकापर्यंत पूर्ण बो चार ठोक्यांत, मग आठ, मग बारा, आणि मग एकदम एका ठोक्यात अख्खा बो. बारा ठोक्यांना पोरं सातव्यालाच टोकाला पोचतात आणि इकडेतिकडे बघत बसतात. पण आठवड्याभरात त्यांचं त्यांनाच कळायला लागतं की हळू बो ब्रिजजवळ घेऊन थोडं वजन दिलं तर टिकतो, आणि जोरात पळवायचा असेल तर ब्रिजपासून जरा लांब, हलका. वेग, वजन आणि जागा, तीनच गोष्टी, पण एक हलवली की बाकी दोन हलवाव्याच लागतात.

वजन म्हटलं की पोरं दाबतात, ही एक वेगळीच डोकेदुखी. व्हायोलिनचा बो अंदाजे ६० ग्रॅमचा, आणि त्यातलं बरंचसं वजन फ्रॉगकडे, म्हणजे हाताजवळ बो जड आणि टोकाला एकदम हलका. टोकाकडे जाताना पहिलं बोट हळूहळू रेलायला लागतं आणि फ्रॉगकडे परत येताना करंगळीने वजन उचलून धरायचं असतं. हे सगळं होतं अंगठा वाकलेला असला तर. एक मुलगी आहे, तिचा अंगठा काठीसारखा ताठ, नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत दाबलेला, आणि त्यामुळे मनगट ताठ, कोपर ताठ, खांदा कानाला लागलेला. "अंगठा वाकव" म्हणून किती वेळा सांगितलं असेल, वाकवायची आणि चार मात्रांत परत ताठ. शेवटी बो काढून घेतला आणि पेन्सिल दिली. पेन्सिल घेऊन तसाच हात धरायचा, दुसऱ्या हाताने करंगळी उचलून सोडायची, टप्, उचलून सोडायची, टप्. पेन्सिलीला कुणी दाबत नाही ना, कारण पेन्सिल पडली तर काय होतंय. बो पडेल ही भीती अंगठ्यात बसलेली होती. पंधरा दिवस पेन्सिल, मग बो, पण फ्रॉगपासून वर, काठीच्या मधाकडे तोल सांभाळतो तिथे धरून, तिथे तो हलका लागतो. आता बऱ्यापैकी वाकतो, जोरात वाजवायचं असलं की अजून ताठ होतो.

सगळी वाद्यं एकत्र असली की सूचना जपून द्याव्या लागतात हे मी फजिती करून शिकले. व्हायोलिनवर जाड तारेकडे जायचं तर कोपर वर घ्यावं लागतं, म्हणून मी हात करून सगळ्यांना सांगितलं "खालच्या सुराकडे जाताना कोपर वर!" आणि चेलोवाल्यांनी इमानदारीने कोपर वर घेतलं आणि बो सी तारेऐवजी भलत्याच तारेवर, कारण चेलोची जाड तार वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे असते, तिथे हात खाली यावा लागतो. एक चेलोवाली म्हणाली, "मिस, नक्की कुणाचं ऐकायचं, तुमचं की चेलोचं?" चेलोचं ऐक बाई.

बो सरळ जायला मात्र एक जुनी युक्ती आहे, टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी. डाव्या खांद्यावर धरायची आणि बो तिच्यातून आरपार न्यायचा. कोपर उघडायच्या ऐवजी अख्खा हात मागे नेला की बो नळीला घासतो, खरखर वाजतं, मला बोलायला लागत नाही. आणि बो ताणायचं पण एकदाच सांगून ठेवलंय, काठी आतल्या बाजूला वाकलेलीच राहिली पाहिजे, मधे पेन्सिल जाईल इतकीच जागा. काही पोरं ती सरळ होईपर्यंत पिळतात, मग बो तारेवर टणाटण उड्या मारतो आणि म्हणतात मिस मला स्पिक्काटो (बो उडवत वाजवणं) येतं.

एका कार्यक्रमाला मी बोइंग, म्हणजे कुठे बो वर आणि कुठे खाली, लिहून दिलेच नव्हते, म्हटलं करतील आपलं आपण. पहिल्या आठ बारमधे अर्धे बो वर, अर्धे खाली, दोघींचे बो हवेत एकमेकींवर आपटले. आता प्रत्येक स्टँडवर पेन्सिल असल्याशिवाय मी सुरूच करत नाही. व्हायब्रेटो (बोट हलवून सूर थरथरवणं) शिकवा म्हणून मागे लागतात त्यांना सध्या नाही म्हणते, आधी न हलणारा सूर ऐकू येऊ दे.

बरं, तो मुलगा. त्याला सगळ्यांसमोर काही बोलले नाही. गुळगुळीत राळ केसांना लागत नाही, म्हणून बारीक सँडपेपरने वडी जराशी घासून दिली आणि त्यालाच लावायला बसवलं. पण राळ लागलेल्या बोने पहिल्यांदा वाजवलं की काय होणार हे मला माहीत होतं आणि त्यालाही. म्हणून त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, आज मुद्दाम घाण आवाज काढायचा. बो ब्रिजला चिकटवा, दाबा, जितका कर्कश निघेल तितका काढा, लाज सोडा. काय कालवा झाला म्हणून सांगू, बाजूच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. मग म्हटलं आता केसभर, केसभर ब्रिजपासून लांब सरका आणि वजन सोडत जा, कुठे चांगला लागतो ते शोधा. कुणाचा आवाज कुठला ते त्या गोंधळात कुणालाच कळत नव्हतं आणि तो मागे बसून मनसोक्त करवतत होता. हळूहळू एकेकाचा सूर लागत गेला. त्याचा बहुतेक सगळ्यात शेवटी.

चुकतो अजून, आणि आता ऐकू येतं. परवा एका शांत जागी सगळे थांबलेले आणि हा एकटाच आत घुसला, चांगला भरघोस डी. सगळ्यांनी मागे वळून बघितलं, तोही मागे वळून बघायला लागला, त्याच्या मागे भिंत. त्याच्या व्हायोलिनवर आता भुकटीचा थर असतो, इतका की वॉर्निशवर चिकटून बसेल, म्हणून रिहर्सल संपली की त्याच्या मागे लागावं लागतं, अरे फडकं घे, पूस ते.