आमची वाटचाल : रेडिओच्या दुकानापासून व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पपर्यंत

वडिलांनी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या अंगाला, रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं ते साठीच्या दशकात. १९५३ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं होतं आणि रेडिओ हळूहळू वाड्यावाड्यांतून पोचत होता. रेडिओ बाळगायचा तर पोस्टात दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे आणि अधूनमधून एखादा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाजाचा क्षीण विद्युतसंकेत वाढवणारी काचेची नळी, बदलून घ्यायचा, असा तो जमाना. आमचं घर त्या व्हॉल्व्हवर चाललं. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत होती, त्यामुळे परदेशी मालाची वाट बघत बसावं लागत नसे.

पुढे ट्रान्झिस्टरचं राज्य आलं. ओळखीच्या बहुतेक दुकानदारांनी आपले व्हॉल्व्ह मोडीत काढले. वडिलांनी काढले नाहीत. प्रत्येक नग टेस्टरवर लावायचा, आलेलं माप चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवायचं आणि खोका माळ्यावर ठेवायचा, हे त्यांचं काम वर्षानुवर्षं चालू होतं. त्या काळात दुकान चालवलं ते टीव्ही आणि टेपरेकॉर्डरनी. गणपतीच्या आधीचा महिना मंडळांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा असे. रात्री उशिरापर्यंत कार्यकर्ते दारात बसलेले असत. मी डिप्लोमा करून दुकानात आलो तेव्हा माळ्यावरच्या त्या खोक्यांना हात लावायची कधी गरजच पडत नव्हती.

एलपी परत ऐकल्या जाऊ लागल्या आणि चित्र बदललं. लोक आजोबांचे रेकॉर्ड प्लेअर घेऊन येऊ लागले, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून काही उचलून आणलेलं असे, कुणी परदेशातून येताना व्हॉल्व्हचं जुनं यंत्र सामानात बांधून आणलेलं. यातलंच एक काम आमच्या धंद्याची दिशा ठरवणारं निघालं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत नोकरी करून कोथरूडला परतलेले एक निवृत्त अभियंता डायनाको पीएएस-३ हा, प्लेअरचा आवाज मुख्य (पॉवर) अ‍ॅम्पकडे जाण्याआधी वाढवणारा, प्रीअ‍ॅम्प घेऊन आले. डायनाको ही फिलाडेल्फियाची कंपनी, १९५५ मध्ये डेव्हिड हॅफलर आणि एड लॉरेंट यांनी काढलेली. त्यांचे प्रीअ‍ॅम्प किटच्या रूपातही मिळत आणि हजारो लोकांनी ते घरच्या टेबलावर जोडले. या काकांनीही विद्यार्थी असताना जुनं किट मिळवून स्वतः जोडलं होतं. आत चार १२एएक्स७ व्हॉल्व्ह, म्हणजे युरोपी नावानं ईसीसी ८३, आणि एसी विजेचा डीसी करण्यासाठी एक १२एक्स४ व्हॉल्व्ह. त्यांचं म्हणणं एवढंच होतं : "आवाज मेलाय. चांगले जुने जर्मन व्हॉल्व्ह मिळवून घाला, म्हणजे अपग्रेड होईल."

वडील तेव्हा दुकानात बसत. त्यांनी चारही व्हॉल्व्ह टेस्टरवर लावले. चारही ठणठणीत निघाले. मग मी खालचं झाकण उघडलं आणि मापं घेत गेलो. फिल्टरचे कपॅसिटर वयानं सुकले होते, त्यामुळे डीसीत शंभर हर्ट्झची लहर उतरत होती. हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला, डीसी देणारा सेलेनियम रेक्टिफायर थकला होता आणि हीटरला हवं तेवढं व्होल्टेज पोचत नव्हतं. कार्बनचे काही रेझिस्टर मूळ किमतीपेक्षा बरेच वर सरकले होते, तेही डाव्या-उजव्या चॅनेलला वेगवेगळे. शिवाय ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. स्टेपडाउन लावून त्याला ११५ व्होल्ट दिले तरी आपली वीज ५० हर्ट्झची. गाभ्यातला चुंबकीय प्रवाह अठरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. ट्रान्सफॉर्मर तापतो, गुरगुरतो, आणि ती गुरगुर शेजारच्या फोनो स्टेजमध्ये, म्हणजे तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागात, शिरते.

आम्ही व्हॉल्व्हला हातही लावला नाही. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर इथल्याच एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. सेलेनियम काढून सिलिकॉन डायोड घातले. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज कमी पडतं, म्हणजे पुढे जास्त पोचतं; तसंच सोडलं तर हीटरचं आयुष्य घटतं. म्हणून मागे रेग्युलेटर बसवला. फिल्टर कपॅसिटर नवे घेतले, पण पहिला वाटेल तेवढा मोठा घेतला नाही, कारण चालू होतानाचा झटका रेक्टिफायर व्हॉल्व्हला (१२एक्स४ ला) सोसत नाही. रेझिस्टर मेटल फिल्मचे, दोन्ही चॅनेलला मोजून जुळवलेले. जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी जास्त उष्णतेनं उचलली जाते, म्हणून डाग देताना घाई चालत नाही. हे काम आमच्याकडच्या ताईंनी केलं. त्या आयटीआय करून आमच्याकडे आल्या आणि आजही बोर्डाचं नाजूक काम त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे जात नाही.

काका न्यायला आले तेव्हा त्यांचे तेच चार व्हॉल्व्ह यंत्रात होते. त्यांनी सोबत आणलेली एलपी लावली, पूर्ण बाजू ऐकली आणि जर्मन व्हॉल्व्हचा विषय पुन्हा काढला नाही. त्या संध्याकाळी वडिलांनी ठरवलं की टीव्हीची कामं हळूहळू बंद करायची आणि हेच करायचं.

तेव्हापासून आमची पद्धत तीच आहे. प्रीअ‍ॅम्प सुधारायचा तर आधी वीजपुरवठा, मग उतरलेले भाग, मग पुढच्या-मागच्या यंत्रांशी जुळणी, आणि व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी. व्हॉल्व्ह बदलणं सोपं असतं, हातानं काढून हातानं घालता येतं, म्हणून सगळ्यांना तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. व्हॉल्व्हमुळे फरक पडतो हे आम्हालाही मान्य आहे. फोनोच्या पहिल्या स्टेजला कमी गोंगाटाचा, टिचकी मारल्यावर न वाजणारा नग निवडून घातला तर तो फरक लगेच कळतो. पण खाली लहर असलेल्या पुरवठ्यावर महागडा व्हॉल्व्ह घातला तर ती लहरच जास्त स्पष्ट ऐकू येते.

अदलाबदलीबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण त्यात यंत्रं जळतात. ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२ यांच्या पिना सारख्या आहेत, हीटरही सारखा आहे. पण ८३ चा वर्धनगुणक १००, ८२ चा १७. २५० व्होल्टवर ८३ सुमारे १.२ मिलिअँपिअर घेतो, ८२ साडेदहा. ८३ साठी आखलेल्या सर्किटमध्ये ८२ घातला तर आवाजाची पातळी खाली येते हे खरं, पण बायस (व्हॉल्व्ह ज्या बिंदूवर चालतो तो) चुकतो आणि फीडबॅकचं सगळं गणित बिघडतं. ईसीसी ८८ तर त्या सॉकेटमध्ये घालूच नये. त्याचा हीटर ६.३ व्होल्टचा, तो ८३ च्या चार आणि पाच नंबरच्या पिनांवर १२.६ व्होल्ट येत असतील तिथे बसवला की जळतो. शिवाय त्याच्या अ‍ॅनोडला १३० व्होल्टच्या वर चालत नाही आणि प्रीअ‍ॅम्पमध्ये त्याहून कितीतरी जास्त असतात. बंद केलेल्या प्रीअ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही हे अडीचशे-तीनशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. घरी झाकण उघडून बघू नका, ही आमची प्रत्येकाला विनंती असते.

जुळणीचा विषय मला सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात थेट गाणं आहे. जुने व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्प जुन्या व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्पसाठी बनले. त्या पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट रोध काही लाख ओहम असे. आजच्या कित्येक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा तो १० हजार ओहमच असतो. प्रीअ‍ॅम्पच्या बाहेर जाणारा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर या दोघांच्या जोडीत १५९ हर्ट्झच्या खालचा आवाज उतरायला लागतो. आता काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा तानपुरा घ्या. त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. तो या जोडीत आठ डेसिबलनं खाली जातो. तार ऐकू येते, कारण वरचे स्वयंभू स्वर शाबूत असतात. पण गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "तानपुरा पातळ वाटतो." त्याचा कान बरोबर असतो. कपॅसिटर एक मायक्रोफॅरडचा केला की उतार १६ हर्ट्झवर जातो. चांगला पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर घ्यायचा आणि तो आत मावेल अशी जागा शोधायची, एवढंच ते काम. कधी प्रीअ‍ॅम्पच्या शेवटच्या स्टेजला तेवढा भार झेपत नाही, विकृती वाढते. तिथे मागे कॅथोड फॉलोअर, म्हणजे भार उचलणारी एक जादा व्हॉल्व्ह स्टेज, जोडतो.

दुसरी अडचण उलटी. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो आणि पॉवर अ‍ॅम्पला एक व्होल्ट पुरतो, मग मधे वीस डेसिबल वर्धन कशाला? व्हॉल्यूमची कळ सुरुवातीलाच अडकते आणि त्या टोकाला पोटेन्शिओमीटरच्या दोन बाजू सारख्या नसतात. गायक मधोमध न राहता एकीकडे सरकतो. सीडीच्या इनपुटला दोन रेझिस्टरचा विभाजक बसवला की प्रश्न मिटतो. खर्च नगण्य, आणि हे आम्ही आनंदानं करतो.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे वेगळंच काम वाढलंय : ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या, जुन्या तबकड्या. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापूरकडे, गोव्यात नाट्यसंगीताच्या आणि जुन्या ख्यालगायकीच्या तबकड्या जिवापाड जपणारी माणसं आहेत. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघालेल्या त्या तबकड्या त्यांनी गोधडीत गुंडाळून ठेवल्यात. त्या वाजवायच्या तर नुसता ७८ चा वेग असून भागत नाही. सुई हवी तीन हजारांश इंचाच्या जवळपासची. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही लहान, ती खोबणीच्या तळाशी घासत जाते. आणि प्रीअ‍ॅम्पचा फोनो आरआयएए वळणाचा (कोणते सूर किती वर-खाली करायचे याचा अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाचा ठरलेला आलेख), जे १९५४ पासून रूढ झालं. ते वळण १० किलोहर्ट्झचा आवाज जवळजवळ १४ डेसिबलनं खाली आणतं, कारण एलपी कापताना तो तेवढाच वर चढवलेला असतो. बहुतेक जुन्या ७८ मध्ये तो तसा चढवलेला नाही. त्यामुळे गळ्यातली धार, हार्मोनिअमची पत्ती, तबल्याची चाट, सगळं घोंगडीखाली गेल्यासारखं ऐकू येतं, आणि माणूस म्हणतो की रेकॉर्डिंगच जुनं आहे.

म्हणून आम्ही फोनो स्टेजला एक सिलेक्टर जोडायला लागलो. एका कळीवर खालच्या सुरांचा वळणबिंदू, अडीचशेपासून पाचशे हर्ट्झपर्यंत. दुसरीवर वरच्या सुरांचा उतार, सपाटपासून आरआयएएपर्यंत. तिसरा स्विच मोनोचा, डावं-उजवं एकत्र करणारा. ७८ चं गाणं खोबणीत आडवं कोरलेलं असतं. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीच कापली जाते. कंपनी आणि काळ यांनुसार वळणं बदलतात, म्हणून ठराविक एक आकडा आम्ही देत नाही. तबकडी लावायची, कळ फिरवायची आणि आवाज माणसाचा वाटेल तिथे थांबायचं. एका आजींनी आपल्या वडिलांच्या संग्रहातली तबकडी अशी ऐकली आणि मधेच हात वर करून मला बोलायचं थांबवलं. शब्द पहिल्यांदाच कळत होते. या कामाचा असा मोबदला दुसऱ्या कशात नाही.

माल मिळवणं मात्र दर वर्षी अवघड होत चाललंय. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियन व्हॉल्व्ह काही काळ मिळेनासे झाले आणि भाव चढले. तेव्हा माळ्यावरचे खोके उतरवले. चिठ्ठ्यांवर वडिलांच्या अक्षरातली मापं होती. नव्यानं तपासली, आणि बहुतेक नग आजही तितकेच भरले. ते आम्ही सुटे विकत नाही. आमच्याकडे कामाला आलेल्या यंत्रांसाठीच राखून ठेवतो.

यंत्र आणायच्या आधी वरून, मागून आणि पाटी दिसेल असा एकेक फोटो पाठवा. सोबत पॉवर अ‍ॅम्पचं आणि कार्ट्रिजचं नाव, घरात अर्थिंग आहे का, आणि तुम्ही जास्त काय ऐकता, तेही लिहा. बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र "चालतंय का बघू" म्हणून थेट प्लगमध्ये लावू नका. आम्ही त्याला व्हेरिअ‍ॅकवर हळूहळू व्होल्टेज देऊन जागं करतो. मापं घेतल्यावर काय बदलायला हवं आणि काय तसंच ठेवता येईल ते लिहून देतो. खर्च त्यातच सांगतो, होकार आल्यावरच हात लावतो. काढलेले जुने भाग पिशवीत घालून यंत्रासोबत परत मिळतात, आधीच्या आणि नंतरच्या मापांच्या कागदासकट. कोकणातून येणाऱ्यांनी शक्यतो पावसाळा संपताच आणावं. तेव्हा स्विचवर चढलेली बुरशी आणि सॉकेटमधला ओलावा नेमका सापडतो, आणि दिवाळीच्या आत यंत्र घरी पोचवता येतं.