सव्वानऊची संध्याकाळ

कोलंबस म्हटलं की अमेरिकन माणसालाही आधी ओहायोतलं मोठं कोलंबस आठवतं. मी उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला गेले ते इंडियानातलं. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, आणि मधोमध कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी. कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात चार वर्षं काढलेल्या मुलीला ते नाव नवं नव्हतं. गेटवर, आयकार्डावर, मार्कशीटवर रोज बघितलेलं. त्या नावाचं मूळ गाव मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

निघण्याआधी सल्ले भरपूर मिळाले. सीपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर इंटर्नशिप करायच्या परवानगीचे, कागद वेळेत काढ, सबलीज म्हणजे पोटभाड्याची खोली घेताना भाड्यात वीज-पाणी धरलंय का विचार, गाडीशिवाय तिथे हाल होतील, किराणा एकदम भरून ठेव. सगळे सल्ले बरोबर होते. संध्याकाळचं काय करायचं, हे तेवढं कुणी सांगितलं नाही.

ऑफिस लवकर भरतं आणि लवकर सुटतं. साडेपाचला आम्ही दोघी घरी. माझी रूममेट सांगलीची, आली की आधी चहा टाकणारी. चहा झाला, कुकर लावला, जेवलो, भांडी घासली, ओटा पुसला, उद्याचे डबे भरले. तरी स्वयंपाकघरात लख्ख ऊन. ती खिडकीशी उभी राहून म्हणायची, "अगं, दुपार संपतच नाहीये." जूनच्या अखेरीला तिथे सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमारास, आणि त्यानंतरही बराच वेळ आभाळात उजेड रेंगाळत असतो. दिवेलागणीला घरात यायचं, हे हाडीमांसी खिळलेल्या मुलींनी मग घरात यायचं तरी कधी?

याचं अर्धं कारण आकाशात आहे. गाव उत्तरेला ३९ अंशांवर, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसच जवळजवळ पंधरा तासांचा. उरलेलं अर्धं माणसांनी केलंय. इंडियानाचा बहुतेक भाग घड्याळ लावतो पूर्व किनाऱ्याचं, पण बसलाय त्या वेळेच्या पट्ट्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. त्यामुळे सूर्य पाऊण तास उशिरा. त्यात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे. हे पुढे-मागे करणं राज्याने कित्येक वर्षं बहुतांश भागात टाळलं होतं. २००६ पासून राज्यभर लागू झालं. हिशेब केला तर सूर्य सर्वांत वर येतो दुपारी पावणेदोनला. म्हणजे साडेअकराला डबा उघडून बसणारे माझे ऑफिसातले लोक खरं तर सकाळीच जेवत होते. मुंबईकरांनी यावर हसू नये. आपलं घड्याळही अलाहाबादजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे, मुंबईचा सूर्य त्याच्या चाळीसेक मिनिटं मागेच असतो. आपल्याला सवय झालीय, इतकंच.

ऊन सव्वानऊपर्यंत असलं तरी गाव काही तोवर जागं नसतं. रात्रीचं जेवण सहाला. वॉशिंग्टन स्ट्रीटवरची बरीच दुकानं त्याआधीच बंद झालेली. साडेसातला रस्त्यावर निघालं तर फुटपाथ, झाडं, कुंड्यांमधली फुलं, सगळं आपल्यासाठी मोकळं. पुण्यात साडेसात म्हणजे लक्ष्मी रोडला पाय ठेवायला जागा नसते. इथे माणूस दिसलाच तर कुत्रा फिरवणारा. चालणाऱ्या माणसाची गाडी बिघडलेली असणार असं इथे गृहीत धरतात. एकदा एक आजीबाई गाडी हळू करून, काच खाली घेऊन, सोडू का कुठे, विचारत थांबल्या. आम्ही नुसत्याच चालतोय, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

पण गाडी नाही आणि उजेड आहे, म्हटल्यावर चालण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काय होतं? आणि चालायला लागल्यावर गाव वेगळंच निघालं.

पाचव्या रस्त्यावर लाल विटांचं सार्वजनिक वाचनालय आहे. साधं, बुटकं, चौकोनी. ते १९६९ सालचं, आणि त्याचा आराखडा काढलाय आर्किटेक्ट आय. एम. पेई यांनी. पॅरिसच्या लूव्रमधला काचेचा पिरॅमिड करणारे तेच. त्याच्या अंगणात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची प्रचंड कमान उभी आहे, दोन मजली घराच्या उंचीची. संग्रहालयात अशा वस्तूभोवती दोरी असते आणि खुर्चीवर पहारेकरी. इथे पोरं सायकली घेऊन तिच्या पायांमधून आरपार जातात. तळाशी हात लावून बघितला तर आठ वाजताही धातू गरम होता, आणि जिथे सगळ्यांचे हात पोचतात तेवढाच भाग गुळगुळीत. रस्त्याच्या पलीकडे आर्किटेक्ट एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च, शेजारी वेगळा उभा केलेला त्याचा सरळसोट मनोरा. दोनेक चौक चाललं की त्यांच्या मुलाने, एरो सारिनेनने, आराखडा काढलेली १९५४ ची काचेची बँक. बाप आणि लेक दोघांच्या इमारती एका फेरीत बघून होतात, आणि वाटेत आईस्क्रीमही. १९०० साली सुरू झालेलं झाहाराकोस नावाचं दुकान आहे, आत जुन्या पद्धतीचे संगमरवरी सोडा फाउंटन.

अग्निशमन केंद्रालाही इथे आर्किटेक्ट लागतो. चौथ्या नंबरच्या केंद्राच्या मनोऱ्यावर भलामोठा ४ काढलाय आणि बाकी समोरून पांढरी वीट. हे रॉबर्ट व्हेंचुरीचं, १९६८ चं. रूममेटने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "हे आमच्या शाळेच्या वर्गासारखंय, इयत्ता चौथी." मला आता ती इमारत दुसऱ्या नावाने आठवतच नाही.

हे सगळं एवढ्याशा गावात कसं, याची गोष्ट कंपनीशी जोडलेली आहे. क्लेसी कमिन्स हा इथल्या बँकवाल्या आयर्विन कुटुंबाकडे ड्रायव्हर-मेकॅनिक होता. १९१९ साली त्यांच्याच पैशाच्या बळावर त्याने कंपनी काढली. पुढे त्याच कुटुंबातले जे. आयर्विन मिलर कंपनीचे प्रमुख झाले. महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या. तेव्हा मिलर यांनी गावापुढे सरळ व्यवहार ठेवला: शाळा तुम्ही बांधा, आर्किटेक्टची फी कंपनीचं फाउंडेशन देईल, फक्त आर्किटेक्ट आम्ही देऊ त्या यादीतून निवडा. पहिली शाळा १९५७ ला उभी राहिली. मग इतर सार्वजनिक इमारतींनाही तीच सवलत मिळाली. हेतू नुसता कलेचा नव्हता. मक्याच्या शेतांमधल्या गावात चांगले इंजिनिअर येऊन राहायला हवे होते, आणि त्यांची बायकामुलंही.

हे कळल्यावर मला त्या इमारतींकडे बघायला जरा जास्तच मजा वाटायला लागली. ऑफिस सुटलेलं, ओळख कुणाची नाही, गाडी नाही, हातात चार तास ऊन. अशा माणसाची सोय साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवली होती. देणगी म्हणून देवळाला घंटा देणारे शेठ आपल्याकडेही आहेत. पण दुसऱ्याच्या शाळेच्या आर्किटेक्टची फी भरणारा मी तरी ऐकलेला नाही. यात कंपनीचा स्वार्थ होता का? होता. असे स्वार्थी लोक पिंपरी-चिंचवडला मिळाले असते तर मी तक्रार केली नसती.

आईशी फोन व्हायचा तोही याच वेळी. साडेनऊ तासांचं अंतर, त्यामुळे तिथे सूर्य मावळताना पुण्यात पावणेसात वाजलेले. तिचं दूध तापवून झालेलं, बाबा पेपर घेऊन बसलेले, बाहेर पाऊस. व्हिडिओवर ती आधी माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघायची.

"रात्र आहे ना तिकडे? मग एवढं ऊन कसलं?"

"असतं गं इथे."

"जेवलीस का?"

"केव्हाच."

"उन्हात जेवलीस?" ऊन असताना रात्रीचं जेवण उरकणं हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. अर्ध्या तासाने पुन्हा भूक लागणार, असं तिचं म्हणणं. लागायची.

मराठी कानावर पडायला फार वाट बघावी लागली नाही. इंडियन किराण्यात पोह्यांची पुडी हातात घेऊन जाड-बारीक बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "जाडेच घ्या, बारीक मोडलेले असतात." वळून बघितलं तर दोन मुलांना ट्रॉलीत बसवलेल्या एक बाई. पुढचा प्रश्न नाव-गावाचा नव्हताच. "कोथरूड का कर्वेनगर?" पुण्यात १९६२ पासून किर्लोस्कर-कमिन्स होती, तेव्हापासूनची ही ये-जा. त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं आणि वरणभातावर तूप घालता घालता गावातल्या मुलांच्या शाळा, हिवाळ्यातले टायर आणि कोणत्या शेतकऱ्याचा मका गोड असतो, हे सगळं सांगून टाकलं. मक्याचं पीक चार जुलैला गुडघ्याला लागलं की साल चांगलं, अशी तिकडची जुनी म्हण. हल्ली बियाणं असं आहे की चार जुलैला मका खांद्याला लागतो, पण म्हण तीच चालू आहे. शनिवारच्या बाजारातून कणसं आणली, तर शेजाऱ्यांनी ती उकडून लोणी लावून खायला सांगितली. आम्ही कॉइलच्या शेगडीवर जमतील तशी भाजली, लिंबू-मीठ-तिखट चोळलं आणि धुराच्या अलार्मखाली टॉवेल हलवत उभ्या राहिलो.

आणि काजवे. आपल्याकडे काजवे बघायला लोक मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला गाड्या काढून जातात, रात्रभर ट्रॅफिकमध्ये बसतात. इथे ते आमच्या पार्किंगच्या कडेच्या गवतातून उठायचे, उजेड पुरता गेलेलाही नसताना. गवताच्या टोकाशी एक जण खाली झुकून वर उसळी घेताना पेटतो, पुढच्या उसळीला पुन्हा, म्हणजे उजेडाची इंग्रजी 'J' अक्षरासारखी वेलांटी उमटते. नीट निरखलं की तेवढी एकच वेलांटी पुन्हा पुन्हा गिरवताना दिसतो. काजव्याची एक जात तर इंडियानाचा राज्यकीटक आहे. शाळकरी मुलांनी पाठपुरावा करून २०१८ ला ते मंजूर करून घेतलं. आमच्या इमारतीतली पोरं मात्र बरण्या घेऊन त्याच राज्यकीटकाच्या भाऊबंदांच्या मागे धावायची.

ऑगस्टमध्ये सूर्य पंचवीस-तीस मिनिटं आधी मावळायला लागला तेव्हा आम्हाला चक्क फसवल्यासारखं वाटलं. कोर्टाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात नऊ वाजलेले आणि रस्त्यावर दिवे? घाईघाईने परतायची वेळ आली.

आता कॉलेजातली ज्युनियर पुढच्या उन्हाळ्यात तिथेच चाललीय. परवा तिचा फोन आला. गाडी लागेल का, भाडं किती, किराणा कुठे, सगळं विचारून झालं आणि मग जरा आवाज खाली करून, "ताई, खरं सांग, बोअर नाही होत?"

"होतं की," म्हटलं, "रोज साडेपाच ते सव्वानऊ. बूट चांगले घेऊन जा."