काका गांधीनगरला, विमान ओझरला

नाशिकरोडला माझे तिकीट-बुकिंगचे छोटे दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी, प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "अहो, आम्ही विमानतळावर आलोय, पण दारावरचे जवान आत सोडत नाहीत. तुम्ही जरा बोलता का त्यांच्याशी?" फोनमध्ये मागून हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली आणि माझ्या पोटात गोळाच आला. काका नाशिकमधल्याच गांधीनगरच्या जुन्या विमानतळावर पोहोचले होते आणि त्यांचे दिल्लीचे विमान सुटणार होते शहराबाहेरच्या ओझरहून.

चूक माझीच होती. तिकिटावर फक्त 'नाशिक' छापलेले असते आणि मीही तोंडी 'एअरपोर्टला दोन तास आधी पोहोचा' एवढेच सांगितले होते. काकांच्या लेखी नाशिकचे विमानतळ म्हणजे गांधीनगरच. तिथे आता लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण दिले जाते. प्रवासी विमाने ओझरला उतरतात, कारण मिग लढाऊ विमाने बांधण्यासाठी १९६४ मध्ये तिथे आलेल्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याची तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी मोठ्या विमानांनाही पुरते. ओझरच्या टर्मिनलचे उद्घाटन २०१४ मध्ये झाले खरे, पण छोट्या शहरांसाठीच्या सरकारी 'उडान' विमानसेवा योजनेतले पहिले विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. ज्या विमानतळावर इतकी वर्षे धड विमानच नव्हते, त्याचा पत्ता लोकांच्या तोंडी बसणार तरी कसा?

मी दुकानाचे शटर ओढले, गाडी काढली आणि गांधीनगरच्या दाराशी उभ्या असलेल्या काका-काकूंना बसवून घेतले. काकूंच्या मांडीवर सुतळीने करकचून बांधलेला चिवड्याचा डबा होता. द्वारका चौकातली गर्दी टाळायची म्हणून जेलरोडने नांदूर नाक्यावर निघालो, तर तिथे द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपची रांग लागलेली. जत्रा चौकातून आग्रा रोडला लागेपर्यंत माझे सगळे लक्ष घड्याळाकडे होते. काका मात्र तरुणपणी पाहिलेल्या छोट्या विमानांच्या गोष्टी निवांतपणे सांगत होते. दहाव्या मैलावरून जानोरीच्या रस्त्याला वळलो तेव्हा, "इतक्या लांब? मग विमानाने जाऊन वेळ काय वाचला?" असे काकूंनी विचारले. त्यावर मला काही उत्तर सुचले नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन सहा मिनिटे झाली होती. काउंटरवरच्या मुलीने आदबीने, पण ठाम नकार दिला. आम्ही पार्किंगमध्ये परतून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ते विमान डोक्यावरून गेले. काकांनी कपाळावर हात धरून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "चांगलं मोठं आहे हो."

दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाचे पैसे मी भरले. काका नको म्हणत राहिले. शेवटी माझ्या समाधानासाठी त्यांनी ते मान्य केले आणि डब्यातला अर्धा चिवडा मला काढून दिला. त्याच आठवड्यात मी एक रबरी शिक्का करून घेतला: 'विमानतळ ओझर, दहाव्या मैलावरून जानोरी रस्ता'. आता तो प्रत्येक तिकिटावर उमटतो. परवा एका गिऱ्हाइकाने तो नीट वाचला आणि विचारले, "म्हणजे गांधीनगरहून तिकडे जायला बस असते ना?"