कोबी थंडी बघून, काकडी फूल बघून: गच्चीवरची नोंद, फेब्रुवारी

फेब्रुवारी अर्धा सरला. गोल्डन एकर या कोबीच्या वाणाचे शेवटचे थोडे गड्डे पिशव्यांत उभे आहेत, पूसा मुक्ता हा दुसरा कोबी निम्मा काढून झाला आणि काकडीची रोपं कागदी कपांत तिसऱ्या पानावर आलीत. गेल्या हंगामापासून आपल्यात "कोणता वाण घेऊ?" हा प्रश्न सारखा निघतोय, म्हणून या वेळी नुसते गड्ड्यांचे फोटो न दाखवता कोणता वाण का घेतला ते सविस्तर लिहिते. जागा तीच: कोथरूडमधली चौथ्या मजल्यावरची गच्ची, दिवसभर ऊन, पश्चिमेला टाकीची थोडी सावली. माती कमी, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड जास्त.

आधी कोबी. कोबीचा गड्डा घट्ट भरायला साधारण १५ ते २० अंशांची हवा लागते. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन सरून रात्री गार व्हायला नोव्हेंबर उजाडतो, आणि फेब्रुवारीच्या शेवटी दुपार परत तापायला लागते. म्हणजे हातात जेमतेम तीन-साडेतीन महिने. तेवढ्यात जो वाण आटोपतो तो आपला, बाकीचे कितीही देखणे असोत. पूसा ड्रमहेडचा तीन-चार किलोंचा चपटा गड्डा बघून मोह होतो, पण तो उशिरा येणारा वाण, त्याला लांबलचक हिवाळा हवा. तो डोंगरातल्या लोकांनी लावावा.

पुडीवरचे दिवस वाचताना एक लक्षात ठेवा. कोबीच्या बाबतीत ते बहुधा रोप लावल्यापासून मोजतात, बी टाकल्यापासून नाही. गोल्डन एकर ६० ते ६५ दिवसांचा, पण त्याआधी रोप तयार व्हायला चार-पाच आठवडे जातात ते वेगळे. त्यामुळे बी सप्टेंबरच्या शेवटी, जाळीखाली, सावलीच्या बाजूला. आणि लावणी दिवाळीच्या आगेमागे. थंडी सुरू झाल्यावर बियांची चौकशी करणाऱ्यांना नर्सरीतली तयार रोपं घ्यावी लागतात, आणि तिथे वाण विचारला तर "कोबी आहे" एवढंच उत्तर मिळतं.

बी घ्यायला मार्केट यार्डाकडे गेले होते. दुकानदार काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "ताई, हायब्रीड न्या. सगळे गड्डे एका मापाचे आणि एकदम तयार."

"काका, तेच तर नकोय," म्हटलं. "घरात चार माणसं. एका आठवड्यात सगळे गड्डे आले तर सोसायटीत वाटत फिरायचं का?"

काका हसले, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकऱ्याला एका टेम्पोत माल भरायचा असतो, त्याला सगळं शेत एकदम तयार व्हायला हवं, आणि संकरित वाण त्याच्यासाठीच काढलेले आहेत. आपल्याला आठवड्याला एक गड्डा हवा असतो. गोल्डन एकरसारख्या सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणात रोपं थोडी मागेपुढे होतात. शेतात ती खोट, गच्चीवर सोय. शिवाय त्याचा गड्डा एक ते दीड किलोचा, गोल, आवाक्यातला. अर्धा चणाडाळ घालून भाजीला, उरलेल्याची पचडी, संपला. प्राइड ऑफ इंडिया याच्या जवळचाच, पण थोडा मागून येतो, म्हणून दोन्ही मिळून लावले तर काढणी आणखी लांबते.

पुडीचा आकार हीदेखील भानगडच. शेतीसाठीची संकरित बियाण्याची पुडी १० ग्रॅमची असते, त्यात अडीच-तीन हजार बिया. चौघी-पाच जणींनी मिळून घेतली तरी उरते, आणि कोबीचं बी दरवर्षी थोडं थोडं मरत जातं. पुडी उलटून लेबल वाचायचं: उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत. कोबीसाठी उगवणीचं किमान प्रमाण ७० टक्के, काकडीसाठी ६०. सुट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत स्टेपलर मारून मिळणाऱ्या बियांवर यातलं काहीच नसतं, त्या मी घेत नाही. गुलाबी किंवा निळ्या रंगाची बी म्हणजे बुरशीनाशक चोळलेली, हात धुवायचे आणि पोरांच्या हाती द्यायची नाही.

कोबीचं बी घरी धरायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या. हे द्विवार्षिक झाड, फुलावर यायला आधी बरेच दिवस कडक थंडी लागते. म्हणून आपल्याकडचं बरंचसं कोबीचं बी कुलू खोऱ्यासारख्या भागात तयार होतं. तिथेच कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. पूसा अगेती हा वाण उष्ण हवेतही गड्डा धरावा म्हणून काढलेला आहे. तो मिळाला तर सप्टेंबरच्या लावणीसाठी मला हवाय. अजून दुकानात दिसला नाही.

पूसा मुक्ता घेण्याचं कारण रोग. दोन हंगामांपूर्वी पानांच्या कडेपासून आत येणारे पिवळे, इंग्रजी व्हीच्या आकाराचे डाग काहीजणांच्या बागेत दिसले होते, शिरा काळ्या पडलेल्या. तो घाण्या रोग. हा जिवाणू बियांतून येतो, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, आणि एकदा शिरला की औषधाला फारसा जुमानत नाही. पूसा मुक्ता या रोगाला प्रतिकारक आहे. गड्डा गोल्डन एकरपेक्षा थोडा चपटा आणि मोठा, दीड-दोन किलोंपर्यंत जातो, त्यामुळे पिशवीही मोठी द्यावी लागते. चव? खरं सांगायचं तर कच्ची खाताना गोल्डन एकर जास्त गोड लागतो. शिजवल्यावर फरक कळत नाही. दुसऱ्या वाणाच्या बिया असतील तर या जिवाणूसाठी पेरण्याआधी ५० अंशांच्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं ठेवायच्या, मग सावलीत वाळवून पेरायच्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर हवा, अंदाजाने केलं तर बी शिजेल.

अळीचं थोडक्यात: चौकोनी ठिपक्यांचा पतंग कुठलाच वाण सोडत नाही. कोबीच्या आधी दहा-पंधरा दिवस कडेच्या ट्रेमध्ये मोहरी पेरली की पतंग अंडी घालायला तिकडे वळतो. मोहरी अळ्यांसकट उपटून टाकायची. संध्याकाळी टॉर्च घेऊन पानाखाली बघणं हा उरलेला उपाय.

या आठवड्यातली ताजी घडामोड म्हणजे गड्डे फुटणं. तयार झालेल्या गड्ड्याला कोरडं पडल्यावर एकदम पाणी मिळालं की आतली पानं फुगतात आणि वरची साल तडकते. आमच्याकडे पाण्याची कपात लागली की दुसऱ्या दिवशी सगळेच हात सैल सोडून पाणी घालतात, मग हे होणारच. उपाय सोपा आहे: गड्डा दोन्ही हातांनी धरून एक पाव फेरा फिरवायचा. काही मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं आणि गड्डा आणखी आठ-दहा दिवस पिशवीतच टिकतो. फ्रीजमधली जागा वाचते. लाल कोबीही दोन पिशव्यांत आहे. हळू वाढतो, गड्डा लहान, सॅलडमध्ये रंग छान. पुढच्या वर्षी एकच पिशवी.

आता काकडी. इथे थंडीचा हिशेब उलटा लागतो. काकडीचं बी २५ ते ३० अंशांत पटकन उगवतं. डिसेंबरात पेरलं तर मातीत कुजतं किंवा रुसून बसतं. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी कपात, घरात खिडकीशी, आणि आता फेब्रुवारीत मोठ्या पिशवीत. दुसरी पेरणी जून-जुलैत.

पण काकडीचा वाण निवडताना मी हवामानाइतकंच फुलाकडे बघते, आणि ही गोष्ट पुडीवरच्या फोटोतून कळत नाही. जुन्या वाणांत एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आधी नर. "सगळी फुलं गळतायत" म्हणून सुरुवातीला घाबरून जाणाऱ्यांनी देठाशी इवलीशी काकडी आहे का ते बघावं. नसेल तर ते नर फूल, त्याचं काम गळण्याचंच. कडक उन्हात आणि मोठ्या दिवसांत नर फुलं वाढतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये वेल हिरवागार आणि काकडी नाही असं होतं. काही संकरित वाणांत जवळजवळ सगळी मादी फुलं येतात, पण परागासाठी शेजारी नर फुलांचा वेल लागतोच. तिसरा प्रकार पॉलिहाउसमधल्या बिनबियांच्या काकडीचा. तिला परागीभवन लागतच नाही.

पराग नेणारी मधमाशी चौथ्या मजल्यावर येते का, हा खरा प्रश्न. आमच्याकडे तुळस, झेंडू आणि शेवगा फुललेला असला की सकाळी सातेरी आणि छोट्या फुलोरी मधमाश्या हमखास येतात. (पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. मधमाशांचं पोळं दिसल्यावर जाळण्याऐवजी तिकडे विचारा, एवढं प्रत्येक सोसायटीला सांगावंसं वाटतं.) अकराव्या-बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत माशी नसेल तर दोन मार्ग: सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून मादी फुलाच्या आत अलगद फिरवणं, किंवा सरळ बिनपरागाचा वाण घेणं. तो वाण मोकळ्या गच्चीवर मात्र लावू नये. माशीने पराग आणला की फळं एका टोकाला फुगतात, वाकडी होतात.

उन्हाळ्यासाठी मी पूना खिरा घेतला. आखूड, लवकर येणारी, कोवळी असताना फिकट हिरवी, पिकायला लागली की पिवळट-तांबूस. मंडईत आता लांब हिरव्या काकडीचीच चलती आहे, पूना खिरा बाजूला पडलाय, पण आपल्या उन्हाला टिकण्यात तिचा हात धरणारी दुसरी मला सापडली नाही. जपानीज लाँग ग्रीन फूटभर लांब वाढते, दिसायला झकास, पण मार्चनंतर ती माझ्या गच्चीवर हिरमुसते. स्ट्रेट एट हा १९३५ साली अमेरिकेत 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स' पुरस्कार मिळालेला जुना वाण बियांच्या ऑनलाइन दुकानांत सर्रास मिळतो. चव चांगली, पण आपल्या पावसात तगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पावसाळ्यात काकडीला केवडा रोग गाठतो. पानावर शिरांच्या मधोमध पिवळे कोनदार ठिपके पडतात, पान आठवड्यात वाळतं. तेव्हा पॉइन्सेट हा वाण, कारण केवडा आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) ती बऱ्यापैकी सोसते. तिच्या जोडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी. पांढरट, गुळगुळीत, कोशिंबिरीला आणि खमंग काकडीला हिच्यासारखी नाही. श्रावणातल्या उपासांना हीच लागते, म्हणून जूनमध्ये तिला दोन पिशव्या राखून ठेवल्यात.

कडूपणाबद्दल. खालच्या मजल्यावरच्या काकू परवा म्हणाल्या, "अगं, दुधीशेजारी लावलीस ना, म्हणून काकडी कडू झाली." दुधीचा आणि काकडीचा संकर होत नाही, आणि झाला असता तरी त्याचा परिणाम पुढच्या पिढीच्या बीत दिसला असता, या फळाच्या गरात नाही. कडूपणा वेलीतल्या कुकुरबिटासिन या कडू द्रव्यामुळे येतो, आणि वेलीला पाण्याचा ताण बसला, ऊन चढलं की तो वाढतो, देठाकडे आणि सालीखाली जास्त. म्हणून उन्हाळ्यात पिशवीवर रसवंतीतून आणलेला उसाचा चोथा पसरते, पण आधी महिनाभर कुजवून. ताजा टाकला तर मुंग्यांची जत्रा भरते. पाणी सकाळी एकदा आणि मेमध्ये संध्याकाळीही.

पुढच्या आठवड्यात कोबीच्या रिकाम्या पिशव्या काकडीला जातील. कोबीनंतर त्याच मातीत नवलकोल, मुळा, मोहरी नको, रोग एकच. मातीत नवं खत मिसळून झालंय, सुतळीची जाळी टाकीच्या पाइपला बांधून झालीय. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचे) सापळे मार्चच्या सुरुवातीला टांगीन.

पूना खिराच्या माझ्याकडे जास्तीच्या बिया आहेत, कुणाला हव्या असतील तर एम्प्रेस गार्डनच्या गेटपाशी रविवारी सकाळी देते. बदल्यात कुणाकडे दापोलीच्या शीतल काकडीच्या बिया असतील तर चालतील. कोकणातल्या पावसासाठीचा तो वाण पुण्याच्या जुलैत कसा वागतो ते बघायचंय.