माझा अनुभव : काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेताना

दाताचे इम्प्लांट करून घेणार आहे असे मी कुणाला सांगितले की, "फार दुखते का हो?" हाच पहिला प्रश्न येत असे. माझ्याही मनात सुरुवातीला तोच प्रश्न होता. प्रत्यक्षात दुखण्याचा भाग अगदी थोडा निघाला. खरा वेळ गेला तो जबड्याचे हाड पुरेसे आहे की नाही हे तपासण्यात, रक्तातील साखर आटोक्यात आणण्यात आणि हाडाने त्यात बसवलेल्या धातूच्या स्क्रूला घट्ट धरेपर्यंत थांबण्यात. इम्प्लांट करून घेणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या तासाभरापेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची तयारी अधिक करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझी खालची डावीकडची पहिली दाढ रूट कॅनाल करून, वर कॅप बसवून अनेक वर्षे चालली होती. पुढे तिचे मूळच उभे तडकले आणि ती काढण्याला पर्याय उरला नाही. रिकाम्या जागेसाठी डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. पहिला काढता-घालता येणाऱ्या दाताचा, दुसरा ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने बसवायच्या दाताचा, आणि तिसरा इम्प्लांटचा. ब्रिजसाठी शेजारचे दोन्ही दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात, आणि माझे ते दोन्ही दात पूर्ण निरोगी होते, त्यामुळे मला ते पटेना. जागा तशीच ठेवली तर काय होईल, असेही मी विचारले. शेजारचे दात त्या पोकळीकडे कलतात, वरची दाढ आधार नसल्याने हळूहळू खाली उतरते आणि दात नसलेल्या ठिकाणचे हाड झिजत जाते, विशेषतः पहिल्या वर्षात, असे उत्तर मिळाले.

इम्प्लांट म्हणजे पूर्ण दात नव्हे, हे मला तिथेच समजले. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू म्हणजे इम्प्लांट, त्यावर जोडला जातो तो अबटमेंट नावाचा खुंट आणि त्याच्यावर दिसणारा दात म्हणजे कॅप. हाड या धातूला परके मानत नाही, उलट त्याच्या पृष्ठभागाला थेट चिकटून वाढते. 1952 च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला घेतले, तेव्हा ते निघेचना, आणि त्यातूनच हा सारा उपचार उभा राहिला. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले.

यानंतर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, झाला. हनुवटी टेकवून स्थिर उभे राहायचे, यंत्र डोक्याभोवती फिरते आणि काही क्षणांत काम संपते. पण त्या स्कॅनचे वाचन मात्र मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी पडद्यावर जबड्याचे पाव कापावा तसे पातळ काप एकामागून एक सरकवत एका गोलसर काळ्या ठिपक्यावर बोट ठेवले. "काकू, ही नस. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव हिच्यामुळे असते. हिच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचे." माझ्या जबड्यात त्या नसेच्या वर साधारण 13 मिलिमीटर हाड होते, म्हणून 10 मिलिमीटर लांबीचे इम्प्लांट ठरले. वरच्या दाढांच्या बाबतीत हीच काळजी नाकाशेजारच्या सायनसच्या पोकळीसाठी घ्यावी लागते, आणि हाड कमी असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते, ज्यामुळे उपचार आणखी काही महिने लांबतो. स्कॅन न करता, नुसते तोंडात पाहून कुणी इम्प्लांटची तारीख देत असेल, तर तिथे थांबून दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

तारीख मात्र मला लगेच मिळाली नाही. मला मधुमेह आहे आणि तेव्हा माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 8.4 होते. साखर वाढलेली असताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ते सातच्या आसपास आणून मगच या, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून गोळ्या बदलून घेतल्या, संध्याकाळचे चालणे नियमित केले आणि आकडा खाली आल्यावर पुन्हा गेले. आज मला वाटते की त्या नकारानेच माझ्या इम्प्लांटचे निम्मे काम केले.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादीही द्यावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत, तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. आमच्या वयाच्या बायकांनी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. हाडे ठिसूळ झाल्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे आणि वर्षातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनामुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही, इतकेच नव्हे तर ते मृतही होऊ शकते. माझ्या थोरल्या बहिणीला असे इंजेक्शन सुरू होते आणि दाताच्या डॉक्टरांना ते सांगायचे असते, याची तिला कल्पनाच नव्हती. तंबाखू, सिगारेट आणि आपल्याकडे गावोगाव लावली जाणारी मिश्री यांचाही प्रश्न इथेच येतो. इम्प्लांट निकामी होण्यात तंबाखूचा वाटा मोठा असतो आणि मिश्री ही तंबाखूच आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोटभर नाश्ता करून या, असे सांगितले होते. भुलीच्या इंजेक्शनाची टोचणी हे त्या दिवसातले सर्वांत मोठे दुखणे. थोड्या वेळाने अर्धा ओठ जड झाला आणि मग केवळ दाब, थरथर आणि आवाज एवढेच जाणवत राहिले. हिरडी उघडून आधी बारीक, मग क्रमाक्रमाने जाड ड्रिलने हाडात जागा केली जाते. आवाज कानातून येत नाही, तो जबड्यातून थेट डोक्यात घुमतो, आणि त्याची पूर्वकल्पना नसेल तर माणूस घाबरतो. सतत थंड सलाइनची धार सोडलेली असते, कारण हाड 47 अंशांपर्यंत मिनिटभर तापले तरी त्याला इजा पोहोचू शकते. "दुखले तर डावा हात वर करा," असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. तो वर करण्याची वेळ आली नाही. शेवटी इम्प्लांट हाताच्या पान्याने आवळताना जबडा खाली ओढला जातोय असे वाटले. पकड चांगली आहे हे पाहून त्यावर छोटे झाकण बसवले, टाके घातले आणि एक्स-रे काढून मला घरी पाठवले.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक, जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही, एवढे पथ्य होते. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या आणि औषधाच्या हलक्या गुळण्या सुरू केल्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते, त्यामुळे ती वाढताना पाहून घाबरू नये. गार केलेला मऊ वरणभात, ताक आणि नाचणीची आंबील यांवर माझे व्यवस्थित भागले. भूल उतरण्याची वेळ टळून गेल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नसेवर दाब आला असेल तर उपाय लवकर करावा लागतो.

मग आला तो थांबण्याचा काळ. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात हाड मऊ असल्याने चार ते सहा महिने लागू शकतात. एका दिवसात दात बसवण्याच्या जाहिराती मीही पाहिल्या होत्या. काही निवडक रुग्णांत तसे करता येते, पण माझ्या बाबतीत चावण्याचा सारा भार पेलणारी दाढ आणि जोडीला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी घाई केली नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटले.

हाड धरल्याची खात्री झाल्यावर हिरडी किंचित उघडून तिला आकार देणारी टोपी बसवली आणि नंतर माप घेतले. दाताचा रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसवून जुळवला. लॅबमधून आलेली पहिली कॅप शेजारच्या दाताला फार घट्ट लागत होती, म्हणून ती परत पाठवली गेली. त्यामुळे काही दिवस अधिक गेले, पण अशा वेळी चालवून घेऊ नये. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती धाग्यांची नाजूक गादी असते आणि ती चावताना किंचित दबते. इम्प्लांटला ती नसते, म्हणून रंगीत कागद चावायला देऊन कॅपवर पडणारा भार पुन्हा पुन्हा तपासला जातो. त्या गादीअभावी चावताना होणारी जाणीवही थोडी बोथट असते. भाकरी चावताना सुरुवातीला हा फरक मला कळायचा, आता तो लक्षातही येत नाही.

खर्चाविषयी आधीच लेखी विचारावे, कारण इम्प्लांटची सांगितलेली किंमत कधी नुसत्या स्क्रूची असते आणि अबटमेंट, कॅप व स्कॅन यांचे पैसे वेगळे असतात. माझा सगळा खर्च धरून चाळीस हजारांच्या घरात गेला. आरोग्य विम्यातून असा उपचार सहसा मिळत नाही. ज्यांना हा खर्च जड जातो त्यांनी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात चौकशी करून पाहावी. इम्प्लांटच्या वेष्टनावरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो, ते आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावे. पुढे कधी दुसऱ्या गावी स्क्रू सैल झाला, तर कोणत्या कंपनीचे भाग लागतील हे त्यावरूनच कळते.

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजून खालचे हाड झिजू शकते, आणि बहुतेकदा ते दुखत नसल्याने समजतही नाही. ब्रश करताना रक्त येणे, तिथे दुर्गंधी येणे ही त्याची लक्षणे आहेत. मी रोज रात्री फटींत जाणारा बारीक ब्रश वापरते आणि सहा महिन्यांनी सफाईला जाते. वर्षातून एकदा एक्स-रे काढून तो कॅप बसवली त्या दिवशीच्या एक्स-रेशी ताडून पाहतात. या वर्षीच्या एक्स-रेत हाडाची पातळी होती तिथेच आहे, आणि पुढची तपासणी दिवाळीनंतर ठरली आहे.