ऑपरेशनच्या आधी पाणी नक्की किती वाजेपर्यंत? – आईच्या ऑपरेशनचा माझा अनुभव

आईचं पित्ताशय काढायचं ऑपरेशन झालं, आता ती छान आहे, हिंडते फिरते, सगळं खाते. तरी लिहायला बसलेय कारण ऑपरेशनच्या दिवशी तिला जे तहानेनं तळमळत ठेवलं ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. आणि ते सहज टाळता आलं असतं, त्याचा जास्त राग येतो.

आधीचं सगळं म्हणजे सोनोग्राफी, रक्त, ईसीजी, फिटनेस, संमतीपत्रावर सही, भराभर झालं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. आदल्या रात्री सांगितलं, बारानंतर खायचं प्यायचं नाही, पाण्याचा थेंब पण नाही, सकाळी तुमचा पहिलाच नंबर आहे. बेडला एनबीएमची (निल बाय माउथ, म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही) पाटी लावली. आईनं बाराच्या बरंच आधीच पाणी बंद केलं, तिचा स्वभावच तसा आहे, डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्याही दोन पावलं पुढे.

सकाळी गाऊन घालून, बांगड्या काढून, कवळी काढून ती तयार. कुणी न्यायलाच येईना. बऱ्याच वेळानं कळलं की रात्री इमर्जन्सी केस आलीये, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर त्यातच अडकलंय. कुणाचा तरी जीव वाचवायला आमची वेळ पुढे गेली, याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नंबर पुढे गेला, मग पाणी बंद करायची वेळ का नाही पुढे गेली?

आईचे ओठ सुकून चिकटायला लागले, डोकं दुखायला लागलं, "एक घोट तरी दे गं" म्हणायला लागली. शुगरची पेशंट, त्यात कवळी काढलेली म्हणून तोंड अजूनच कोरडं. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, ऑर्डर एनबीएमची आहे, मी माझ्या मनानं देऊ शकत नाही. बरोबरच आहे त्यांचं, त्यांना दोष नाही. ज्युनिअर डॉक्टर राउंडला आले, त्यांना विचारलं, "ओटीत विचारून सांगतो" म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. सर्जन ओटीत, भूल देणारे डॉक्टर ओटीत, ओटीच्या दारावरचा माणूस म्हणतो वॉर्डात विचारा, वॉर्ड म्हणतो ओटीत विचारा. या सगळ्यात पाणी द्यायचं की नाही हे ठरवणं नेमकं कुणाचं काम, तेच कुणाला सांगता येईना. आई मात्र मलाच समजावत होती, "जाऊ दे, भांडू नकोस त्यांच्याशी, आपलं काम त्यांच्याच हातात आहे." याच भीतीनं बहुतेक पेशंट गप्प बसतात.

नंतर मी सिस्टरना म्हटलं, निदान शुगर तरी बघा. बघितली तर 74. 70 च्या खाली गेली की कमी धरतात, म्हणजे अगदी काठावर. तेव्हा कुठे सिस्टरनी ओटीत फोन लावला आणि भूलतज्ज्ञ स्वतः फोनवर आल्या. त्यांनी विचारलं, किती वाजल्यापासून पाणी नाही? सिस्टरनी सांगितल्यावर त्या चिडल्याच. म्हणाल्या, अजून निदान तीन तास तरी नंबर लागणार नाही, आत्ता साधं पाणी द्या, एक ग्लास चालेल, आणि डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं सलाईन लावा. एका मिनिटाचा फोन! तो सकाळीच झाला असता तर?

त्यांनी नंतर मला नीट समजावून पण सांगितलं. पोट रिकामं ठेवतात ते यासाठी की भूल दिल्यावर घशाचा आपोआप बंद होण्याचा गुण जातो, पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरू शकतं. 1946 मध्ये मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरांनी बाळंतिणींमध्ये हा प्रकार नीट मांडला होता. म्हणजे उपाशी ठेवणं गरजेचंच आहे, त्यावर वाद नाही. पण साधं पाणी पोटातून फार लवकर पुढे सरकतं. म्हणून आता नियम असा आहे की हलकं खाणं आणि दूध भूल द्यायच्या 6 तास आधीपर्यंत, तेलकट किंवा जड जेवण असेल तर 8 तास, अंगावरच्या बाळाला आईचं दूध 4 तास, आणि पाणी, बिनदुधाचा चहा यासारखं आरपार दिसणारं पेय 2 तास आधीपर्यंत. दुधाचा चहा यात बसत नाही, तो खाण्यात धरतात, हे लक्षात ठेवा, इथे खूप जण फसतात.

पण हे वाचून कुणी आपल्या मनानं पेशंटला पाणी देऊ नका, प्लीज. आतडं अडलेलं असेल, गरोदर बाई असेल, ॲसिडिटीनं अन्न वर येत असेल, जुन्या डायबेटिसमुळे पोट हळू रिकामं होत असेल तर हिशोब वेगळा असतो. वजन किंवा शुगरसाठी आठवड्याला घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्यानं पोट हळू रिकामं होतं. आपण विचारायचं आणि त्यांनी ठरवायचं. पण विचारायचं मात्र नक्की, आणि ॲडमिट व्हायच्या आधी, भूलतज्ज्ञ तपासतात तेव्हाच: खाणं किती वाजेपर्यंत, पाणी किती वाजेपर्यंत, आणि नंबर पुढे गेला तर वॉर्डानं कुणाला फोन करायचा. फाइलवर लिहून घ्या.

गोळ्यांचं पण तेव्हाच विचारा. आईची बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली होती, शुगरची बंद. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या तर साधारण 3 दिवस आधीपासून थांबवतात, नाहीतर शुगर फार वाढलेली नसताना पण रक्तात ॲसिड वाढू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून ना बंद करायच्या ना चालू ठेवायच्या.

ऑपरेशन स्वतः छान झालं. आत नेताना नाव काय, कसलं ऑपरेशन, ॲलर्जी आहे का, हे वेगवेगळ्या लोकांनी परत परत विचारलं, त्यानं वैतागू नका, 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जी सुरक्षेची यादी आणली तिचाच तो भाग आहे आणि ती चांगलीच आहे.

संध्याकाळी आई म्हणाली पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखतोय. माझ्या पोटात गोळाच आला. पण दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा आत राहतो, त्यानं श्वासाचा पडदा चुरचुरतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवसांत जातं. हे आधी सांगितलं असतं तर घाबरले नसते, म्हणून तुम्हाला सांगतेय. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर मात्र ते गॅसचं समजून बसू नका, लगेच सांगा.

त्याच संध्याकाळी तिला उठवून चालवलं. ती तयार नव्हती, मी हात धरून चालवलं आणि मला त्याचा अभिमान आहे! पायात गाठी होऊ नयेत म्हणून चालणं फार गरजेचं. दुखायची गोळी वेळेवर द्या, दुखेपर्यंत थांबू नका, दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साचतो. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, आईला त्याचा खूप उपयोग झाला.

घरी आल्यावर ताप, टाक्यांतून पू, वाढत जाणारं पोटदुखणं, डोळे पिवळे होणं, एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका.

आणि हो, घरून पोटावरचे केस रेझरनं काढून जाऊ नका, बारीक कापलं जाऊन इन्फेक्शनचा धोका वाढतो. लागलेच तर ते तिथे क्लिपरनं काढतात. नेलपॉलिश पण काढून जा, ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटालाच लावतात.

हॉस्पिटलला मी लेखी दिलंय की एनबीएमच्या पाटीवर खाणं कधीपासून बंद आणि पाणी कधीपासून बंद अशा दोन वेळा लिहा, आणि नंबर पुढे गेला की पाण्याची वेळ परत विचारायची जबाबदारी एका माणसावर ठेवा. अजून उत्तर आलेलं नाही. फॉलोअपला जाऊ तेव्हा परत विचारणार आहे.